मांडीवरची मैफल

अमरावती
४ ऑगस्ट

प्रिय मनकर्णा,

वर तारीख घातली आहे, ती आधी पाहा. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर तारीख नसलेलं पत्र न वाचता परत करायच्या, आणि तुझी मोठी जाऊ म्हणून मीही तेच करणार आहे. फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतेस आणि करतेस स्वतःच्या मनाचं. जन्मभर बँकेत काम केल्यावर मला एवढं नक्की कळलंय, की तोंडी होकाराला काही अर्थ नसतो. तेव्हा यापुढे सगळं लेखी. आमच्या शेजारचा भगवंत नोकरीसाठी रोज अकोल्याला अप-डाउन करतो, तो पत्रं पोचवील. त्याला चहा दे, पण खुर्ची देऊ नकोस. तो उठत नाही.

आता मुद्दा. तुझ्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या खुशालभाऊंनी, काल घरच्या ग्रुपवर जाहीर केलं, की यंदा गौरी-गणपतीतल्या महालक्ष्म्या अकोल्याला तुमच्याकडे बसतील आणि घरातली नवी सून म्हणून माझी पौर्णिमा त्यांना उंबऱ्यातून आत आणील. जाहीर केलं! खाली सगळ्यांचे जोडलेले हात. त्या हातांपैकी एकालाही पौर्णिमाला विचारावंसं वाटलं नाही. विचारणं राहू दे, माझ्या विपुललासुद्धा आपली बायको अकोल्याला जाणार आहे हे ग्रुपवरूनच कळलं.

तर लेखी कळवते, की पौर्णिमा येणार नाही. आवाहनाला नाही आणि दुसऱ्या दिवशी पूजनालाही नाही. तिला त्या दिवसांत अडचण येणार आहे. कसली, ते बायकांना समजावून सांगावं लागत नाही.

मी येईन. खरं तर मला घरीच बसायचं होतं, कारण पूजनाच्याच संध्याकाळी मधुवंती मिरजकरांची निरोपाची मैफल टीव्हीवर थेट दाखवणार आहेत. किती वर्षं बाई मंचावर चढल्या नाहीत, आता ब्याऐंशीव्या वर्षी शेवटच्या गाणार. सगळा महाराष्ट्र टीव्हीपुढे बसणार आणि आपण शंभर माणसांना आंबील वाढणार. त्या वाहिनीत एकही बाई कामाला नसावी. नाहीतर महालक्ष्म्यांच्या जेवणाची संध्याकाळ कुणी निवडली असती?

तुझी,
गीतांजली

*

अकोला
७ ऑगस्ट

आदरणीय ताई,

तारीख टाकली आहे. भगवंतभाऊंना खुर्ची दिली नाही, ते दिवाणावर बसले.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ताई, एक गोष्ट मले समजली नाही. अडचण येणार हे तुमाले महिनाभर आधी कसं काय माहीत? माझी तर कधी एक दिवस पुढं, कधी चार दिवस मागं असे. आणि येतेच म्हणा, तरी तिच्यावर उपाय हाय. पाळी लांबवायच्या गोळ्या. इथं सगळ्याच घेतात. महालक्ष्म्यांच्या आधी मेडिकलवाला काही न इचारता काढूनच ठेवतो. भगवंतभाऊंसोबत एक पाकीट पाठवलं हाय, कागदात गुंडाळून. पौर्णिमाले द्या.

एक आठवण करून देतो, राग मानू नका. मी लग्न होऊन आली त्या वर्षी मी या अडचणीपायी मागच्या खोलीत बसली होती. तुमी सगळ्यांसमोर माझा हात धरून मले देवीपुढं आणलं आणि सासूबाईंना सुनावलं, की देवीही बाईच आहे, तिला काही वाटत नाही. मी ते विसरली नाही. आता त्याच तोंडानं तुमी अडचण सांगून राहिल्या, म्हणून मले नवल वाटलं.

सासूबाईंचं एकच चालू हाय, "नव्या सुनेच्या हातानं लक्ष्म्या येऊ दे, मंग मी मोकळी." शहाऐंशीच्या झाल्या, रोज मोकळ्या होतात आणि रोज दोन पोळ्या खातात.

मैफलीचं म्हणाल तर आपल्याकडं टीव्ही मोठा हाय. मधी मधी येऊन पाहू.

तुमची,
मनकर्णा

*

अमरावती
१० ऑगस्ट

प्रिय मनकर्णा,

ते पाकीट भगवंतने आम्ही सगळे जेवायला बसलो असताना माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, "वहिनींनी औषध दिलं आहे." कुणाचं, कशाचं, हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो वाचला. तुझ्या भाऊजींनी विचारलं, तर मी "पित्ताच्या गोळ्या" असं म्हणून पाकीट फ्रिजवर ठेवून दिलं. देवीसाठी बायकांनी शरीराचं घड्याळ औषधाने मागे फिरवायचं, आणि हे सुशिक्षित घरात! याबद्दल मी तुला वेगळं पत्र लिहिणार आहे. लांब असेल.

पण त्या जुन्या गोष्टीची आठवण करून देऊन तू माझी बोलती बंद केलीस, हे मान्य करते. अडचण-बिडचण काही नाही. खरं ते ऐक, आणि पत्र वाचून झालं की फाडून टाक.

मधुवंतीबाईंना त्या मैफलीत साथीला गाणाऱ्या चार मुली हव्या होत्या. पौर्णिमाने क्लासमधून आल्यावर स्वयंपाकघरात फोन टेकवून आपलं गाणं रेकॉर्ड केलं आणि पाठवलं. दिवसभर ती त्या कोचिंग क्लासात पोरांना गणित शिकवते, तू पाहिलं आहेस. मागे माझा कुकर वाजतो आहे, तोही गेला. बाईंनी स्वतः ऐकलं. पाचशे-सहाशे मुलींतून आपली पोर निवडली! विपुल तर दारातच नाचला. पंचवीस तारखेला मुंबईत तालमी सुरू होतात.

हे मी तुमच्यापासून का लपवलं, तेही सांगते. लग्नात मांडवातच खुशालभाऊ म्हणाले होते, "आता गाणं-गिणं घरापुरतं." सगळे हसले, पौर्णिमाही हसली. मी मात्र तिचा चेहरा पाहिला. आणि तू काही त्यांच्याहून वेगळी असशील, असं मला वाटलं नाही. तुम्हा सगळ्यांना आधी नवी सून हवी, गाणं मग कधीतरी.

ही मैफल पुन्हा होणार नाही. महालक्ष्म्या दरवर्षी येतात. तेव्हा कुणालाही बोलू नकोस. तिला जाऊ दे.

तुझी,
गीतांजली

*

अकोला
१३ ऑगस्ट

ताई,

पत्र फाडलं.

कोणाले सांगणार नाही. पण तुमी मले इचारलंच नाही, हे लागलं. एकोणतीस वर्षांपासून आपण दोघी एकीनं ज्येष्ठा आणि एकीनं कनिष्ठा घेऊन उंबरा ओलांडून राहिलो. उंबऱ्यावर तुमाले पाय कुठं ठेवता हे दिसत नाही, तर मी सांगतो, "ताई, आता उजवा." आणि तुमाले वाटलं, मनकर्णा पोरीच्या आड येईल.

मी कॉन्व्हेंटात शिकली नाही, पण मधुवंतीबाई कोण, हे मले समजते. माहेरी कापूस वेचताना बांधावर रेडिओ ठेवत होतो आमी.

सासूबाईंना खरं सांगून टाका. लपवल्यानं वाढते.

मनकर्णा

*

अमरावती
१९ ऑगस्ट

मनकर्णा,

पत्र फाडलंस, पण तोंड शिवलं नाहीस!

आज सकाळी मी ब्रश करत असताना खुशालभाऊंचा फोन आला. तुझ्या भाऊजींना कानाला फोन लावून बोलता येत नाही, स्पीकर लागतो, म्हणजे सगळी कॉलनी ऐकते. "दादा, काळमेघांची सून टीव्हीवर दुसरीच्या मागं बसून आ-ऊ करन काय? आणि तेही लक्ष्म्यांच्या दिवशी? मी गावात तोंड कसं दाखवू?" गावात तोंड! अकोल्यात राहून यांना कुठल्या गावाची काळजी आहे, ते मला ठाऊक नाही. शेवटी म्हणाले, "तिले जायचं असन तर जाऊ द्या, पण मंग यंदापासून तुमच्या लक्ष्म्या तुमी वेगळ्या मांडा."

पौर्णिमा जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं. आत आली आणि म्हणाली, "आई, मी मुंबईला नकार कळवून टाकते. माझ्यापायी दोन घरं नको व्हायला." आणि कणीक मळायला बसली. रडली असती तर मी समजूत काढली असती. ती रडत नाही, नुसती कणीक मळते आहे. इतकी, की दोन दिवस पुरेल.

मी तिचा फोन काढून घेतला आहे, म्हणजे अजून तिने कळवलेलं नाही. किती दिवस मी फोन लपवून ठेवणार? तू हे का केलंस? मागच्या पत्रात मी तुझ्याबद्दल जे लिहिलं, त्याचा सूड त्या मुलीवर उगवायचा होता का?

गीतांजली

*

अकोला
२३ ऑगस्ट

आदरणीय ताई,

आधी उत्तर आणि मंग राग, असं तुमीच शिकवता. तर उत्तर असं हाय, की माझ्या तोंडून एक शब्द गेला नव्हता. तुमच्याच घरातून गेला.

फ्रिजवरच्या पित्ताच्या गोळ्या भाऊजींनी घेतल्या! दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांना फोन करून इचारलं, "खुशाल, तुझ्या बायकोनं पाठवलेल्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की जेवणानंतर?" ह्यांनी मले इचारलं, कोणत्या गोळ्या? सासूबाई समोरच बसल्या होत्या. मी म्हटलं, अगं माय, त्या गोळ्या काय भाऊजींनी घेतल्या? त्या तर पाळीच्या! आमच्या घरात असं हसणं कोणी ऐकलं नव्हतं. सासूबाईंना ठसका लागला. म्हणाल्या, "वामनची आता येणार नाही बावा." भाऊजींना काही होत नाही, डॉक्टरला इचारून घेतलं हाय. मेडिकलवाला मात्र अजून हसून राहिला.

हसणं थांबल्यावर ह्यांनी इचारलं, "पण पौर्णिमाले आत्तापासून गोळ्या काहून?" तिथं मी अडकली. तुमाले शब्द देल्ला होता, म्हणून गप्प बसली. मी गप्प बसली की ह्यांना समजते काहीतरी हाय. त्यांनी विपुलले फोन लावला, आणि विपुल भोळा, त्याले वाटलं काकाले माहीत झालं. त्यानं आनंदानं सगळंच सांगितलं.

आता पुढचं ऐका. परवा पोळ्याची पुरणपोळी वाढता वाढता मी विषय काढला. ह्यांनी लगेच आवाज चढवला, "लक्ष्म्या कोण आणन मंग?" तर सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मी आपल्या पायानं येते. ते का सुनेची वाट पाहून दारात बसून राहते? तुले एवढी काळजी असन, तर तू उचल." हे म्हणाले, "मी?" त्या म्हणाल्या, "हाव, तू. तुले काय हात नाही?" वेगळ्या मांडायची गोष्ट त्यांनी पानातच मिटवली. म्हणाल्या, "दोघी बहिणी हायेत त्या. त्यांना कोणी वेगळं केलं, तर मी जेवणार नाही." हे त्यांनी तिसरी पोळी घेताना म्हटलं, पण म्हटलं.

तर पौर्णिमाले फोन द्या आणि तिची बॅग भरा. तुमीबी तिच्यासंगं जा. तिले एकटीले मुंबईत कोण हाय? ज्येष्ठा मी घेतो, कनिष्ठा ह्यांच्या हातात देतो. सोळा भाज्या मी चिरून घेईन, त्यासाठी तुमी लागत नाही. खरं सांगू काय, तुमी भेंडी लय जाड चिरता.

हे मात्र अजून फुगून बसले हायेत. बोलत नाहीत. मखराचं सामान आणून राहिले, आणि काय करून राहिले ते कोणाले सांगत नाहीत.

तुमची,
मनकर्णा

*

अमरावती
३ सप्टेंबर

प्रिय मनकर्णा,

तुझ्यावर घेतलेला आळ परत घेते. तुझे भाऊजी ठीक आहेत. गोळ्यांचा विषय मी काढला की ते बागेत जातात.

आता मुंबईचं सांगते. निवेदक कपाळभर गंध लावून आला होता आणि बाईंपेक्षा जास्त बोलला. लोक मैफल पाहायला येतात की मोबाइलमधून शूटिंग करायला, ते मला समजलं नाही. पुढच्या माणसाने हात इतका वर धरला होता, की मी त्याच्या काखेखालून मैफल पाहिली. शेवटी मी त्याला माझ्या शाळेच्या इंग्रजीत दोन वाक्यं सुनावली. नंतर त्याने हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच.

बाई खुर्चीवर बसून गायल्या. आवाज थोडा थरथरतो, पण जिथे पोचायचं तिथे पोचतो. आपली पोर डावीकडून दुसरी, तू दिलेल्या निळ्या पैठणीत. मागच्या ओळीतल्या मुलींवर उजेडही नीट टाकला नव्हता, याबद्दल मी वाहिनीला पत्र लिहिणार आहे.

शेवटच्या गाण्यात बाईंचा श्वास अडकला. त्या थांबल्या. सगळं सभागृह थांबलं. तबलेवाला नुसता ठेका धरून बसला. आणि बाईंनी मागे वळून न पाहता डावा हात किंचित उचलला. पौर्णिमाने तो पाहिला. इतर तिघींनी नाही पाहिला. तिने अंतरा उचलला, एकटीने, अगदी बाईंच्याच सुरात, पुढे पुढे न करता. पूर्ण अंतरा गायली आणि ध्रुवपद पुन्हा बाईंच्या हातात देऊन गप्प झाली. मी रडले नाही. शेजारच्या बाई रडत होत्या, त्यांना रुमाल दिला आणि नंतर माझ्याकडे रुमाल नव्हता, एवढंच.

पण मी लिहायला बसले आहे ते वेगळ्याच रागाने. आज पहाटे आमची गाडी अकोल्याला थांबली. मी अर्धवट झोपेत होते. डब्यात खुशालभाऊ चढले, एकेका बर्थवर टॉर्च मारत. लोक त्यांना तिकीट दाखवायला लागले! पौर्णिमा दिसली तशी त्यांनी तिची बॅग खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "चाल बेटा, उतर." मला म्हणाले, "वहिनी, तुमी झोपा. हिले चार दिवसांनी पाठवतो." आणि गाडी सुटली.

जो माणूस तिच्या गाण्यावरून घर मोडायला निघाला होता, तोच पहाटे येऊन माझी सून पळवून नेतो? फोन केला तर तुम्ही चौघंही एकदम बोलता आणि मागे कुणीतरी टाळ्या वाजवतं. तुमच्याकडे त्या संध्याकाळी झालं काय? सविस्तर, मुद्देसूद लिही.

तुझी,
गीतांजली

*

अकोला
५ सप्टेंबर

आदरणीय ताई,

मुद्दे मले जमत नाहीत. जसं झालं तसं लिहितो.

आवाहनाले आमी लक्ष्म्या आत आणल्या. मी ज्येष्ठा, हे कनिष्ठा, डोक्याले टोपी घालून. सासूबाई दारात ताट वाजवून राहिल्या. उंबऱ्यावर ह्यांचा पाय अडखळला. मी म्हटलं, "आता उजवा." सवयीनं गेलं तोंडून.

मंग ह्यांनी मखरावरचा पडदा काढला. ताई, पाहतो तर काय! मखर टीव्हीच्या भिंतीले लावलं होतं! मागचा टीव्ही पूर्ण झाकला. मी म्हटलं, अहो, मैफल? तर म्हणाले, "देवीच्या दिवशी देवीले पाहा." आणि मी काही बोलायच्या आत बसवल्याबी. एकदा बसल्या की विसर्जनापर्यंत हलवता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत. म्हणूनच केलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पंगत बसली. शंभरावर माणसं. सगळ्यांना गल्लीतून खबर लागली होती, की काळमेघांची सून मधुवंतीबाईसंगं टीव्हीवर हाय. जो येईल तो इचारे, "टीव्ही कुठी हाय?" गावात तोंड दाखवायची ज्यांना भीती होती, त्यांच्याकडं सगळा गाव तोंड करून बसला. कोणी मोबाइलवर लावलं, तर नुसतं गोल गोल फिरून राहिलं, आणि सासूबाईंना मोबाइलवर दिसत नाही. त्यांनी हातातला घास पानात ठेवला. "खुशाल, पोट्टी दिसल्याबगर मी जेवत नाही." या वेळी खरंच जेवल्या नाहीत.

ह्यांनी आधी टोपी काढून ठेवली. मंग धोतर खोचलं आणि देवींच्या मागं, पडद्याखालून रांगत गेले. आतून स्क्रू काढायचा आवाज, एकदा कोणाले तरी शिवी दिल्याचा आवाज. बाहेर आले ते टीव्ही छातीशी धरून, आणि वर टांगलेल्या फुलोऱ्यातली एक करंजी केसात. पण वायर आखूड! जेमतेम मखराच्या बाजूपर्यंत आली. तिथं टेबल बसत नाही, खाली सगळा प्रसाद मांडलेला. शेवटी हे स्वतः पाट घेऊन बसले आणि टीव्ही मांडीवर उभा धरला, लोकांकडं तोंड करून. असे मैफल संपेपर्यंत बसून होते. जेवले नाहीत, हलले नाहीत. आणि सगळा वेळ मागून इचारून राहिले, "दिसली काय? आता दिसली काय?"

शेवटचं गाणं चालू असताना बाई थांबल्या, तसे इथंही वाढणारे वाढता वाढता थांबले. मंग पौर्णिमा गायली. मी आंबिलीचं भांडं हातात धरून उभी होती, ते धरूनच राहिली. गाणं झालं आणि पोरं, म्हातारे सगळे टाळ्या वाजवाले लागले. टीव्हीमागून हे म्हणाले, "बाई या वयातबी काय गातात!" सासूबाई म्हणाल्या, "बाई नाही बावा. आपली पौर्णिमा गायली ते." हे एकदम वाकून पुढं पाहाले लागले, तर टीव्ही कलला आणि सगळे ओरडले, "काका, हलू नका!" तसे सरळ झाले. ह्यांना काही तिले पाहता आलं नाही. टीव्हीच्या मागच्या बाजूले तोंड लावून बसले होते, आणि ताई, डोळे पुसाले त्यांना हात मोकळा नव्हता.

विपुलनं नंतर मोबाइलवर ते गाणं धाडलं. हे म्हणाले, "एवढ्याशा काचेत काय पाहू? समोरच पाहीन." म्हणून पहाटे स्टेशनवर गेले.

आता रोज संध्याकाळी आमच्या अंगणात गल्ली भरते. पौर्णिमा गाते, सासूबाई ताल चुकवतात. हे सगळ्यांच्या पुढं खुर्ची टाकून बसतात आणि कोणाले समोर उभं राहू देत नाहीत. काल गावाकडचे सरपंच आले, तर त्यांनाबी म्हणाले, "बाजूले सरका, मले दिसत नाही."

चार दिवसांत पाठवायचं ठरलं होतं, पण गल्लीतल्या बायका म्हणतात आणखी दोन दिवस. तुमी काय म्हणता?

तुमची,
मनकर्णा

*

अमरावती
६ सप्टेंबर

प्रिय मनकर्णा,

मी काय म्हणणार? तिच्या क्लासच्या मालकांना मी सांगून आले आहे, की गणित सोमवारपर्यंत थांबेल.

उद्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतो, विपुल दुपारी येईल. खुशालभाऊंना सांग, मोठी वहिनी मुंबईत काखेखालून मैफल पाहून आली आहे. तेव्हा पुढच्या खुर्चीवरून उठा म्हणावं. ते उठणार नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांच्या शेजारी दुसरी टाक.

आणि तू उभी राहू नकोस. माझ्या शेजारी तिसरी टाक. चहा विपुल करील.

तुझी,
गीतांजली